खिडकी असलेली टाकी

भिकन,

तुझ्याशी भांडायचं राहिलंय, म्हणून लिहितेय. नरोलीला तुमच्या चाळीच्या अंगणात परवा सगळे जमले होते. मलाही बोलायला उभं केलं. मी चार वाक्यं बोलले आणि बसले. कष्टाळू होता, मनमिळाऊ होता, असलं काहीतरी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर लिहितात ना, तसलं. तू मागे उभा असतास तर नक्की म्हणाला असतास, "बाई, वर्तणूक चांगली, हे बी टाका." मी तुझ्याकडे डोळे वटारून बघितलं असतं आणि तू टोपी पुढे ओढून हसला असतास.

तू गेल्याला आज अठरा दिवस झाले. मला अजून तुझा राग येतो, आणि तो गिळला की खाली माझा स्वतःचा राग असतो. तो मात्र गिळता येत नाही. तुला जे सांगायचं होतं ते तू असताना मी तीन महिने सांगितलं नाही. आता सांगते. पण पहिल्यापासून मांडते, कारण उदाहरण पहिल्यापासून मांडल्याशिवाय मला सुटत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तू आमच्या शाळेच्या खिडक्यांना गज लावायला आला होतास. मी आत नववीला हवेचा दाब शिकवत होते. माझा दरवर्षीचा प्रयोग: तेलाचा रिकामा डबा, तळाला थोडं पाणी, खाली स्टोव्ह. वाफ भरली की बूच घट्ट लावायचं, डबा उतरवायचा आणि वरून गार पाणी ओतायचं. डबा कडाकड चेपतो आणि पोरं टाळ्या पिटतात. त्या दिवशी टाळ्या थांबल्या आणि खिडकीतून आवाज आला, "बाई, डब्याले कोणी हात नाही लावला. मंग चेपला कसा?"

अख्खा वर्ग हसला. मी म्हटलं, शाळा सुटल्यावर या. मला वाटलं, कसला येतोय. पण तू आलास. काळा चष्मा केसांवर चढवलेला, हातभर ठिणग्यांचे डाग. आत वाफेचं पाणी झालं, जागा रिकामी पडली, बाहेरच्या हवेनं डबा दाबला, असं मी सांगत होते आणि तू डब्याच्या घडीवरून अंगठा फिरवत बसला होतास. मग विचारलंस, "अन् पाण्यात खाली गेलं तर?" दहा मीटर खाली गेलं की वरच्या हवेइतका आणखी एक दाब, म्हटलं. "म्हणजे एक किलो," तू म्हणालास. कंपनीत तुम्ही दाब किलोतच बोलता, हे मला तेव्हा कळलं.

आठवड्यानं तू परत आलास. गज केव्हाच लावून झाले होते.

"बाई, मला एक टाकी करायची हाये. खिडकीवाली."

"कसली खिडकीवाली?"

"माणूस आत बसेल, टाकी पाण्यात जाईल, अन् माणूस खिडकीतून बघेल."

"मधुबन धरणाच्या पाण्यात काय दिसणार आहे रे? गाळ?"

"गाळ तर गाळ." मग म्हणालास, "वीस वर्षं टाक्या करू राहिलो, बाई. दुधाच्या, तेलाच्या, औषधाच्या. आत बसून बसून वेल्ड मारले. एवढ्या टाक्या झाल्या, एकीला खिडकी नाही."

मी त्या वेळी हसले. त्या हसण्याची लाज आज वाटते. धुळ्याकडून आलेला एक वेल्डर, नरोलीच्या एका खोलीत बायकोबरोबर राहणारा, आठवड्याचा एक रविवार मिळणारा. त्याला पाणबुडी करायची होती आणि त्यासाठी त्याने राजापूरकडच्या एका एकट्या, तापट मास्तरणीला गाठलं होतं. लोक बोलले असतीलच. बोलोत. शाळेतून निवृत्त झाल्यावर मला कोणी एक उदाहरणसुद्धा विचारत नव्हतं, भिकन. तू रविवारी वही घेऊन यायचास आणि माझा आठवडा त्या एका दिवसाकडे चालत यायचा. हे मी तुला कधी बोलले नाही. तुला फक्त "चहा गार होतोय" एवढंच म्हणायची.

तर, पहिली टाकी. तुला कुठून तरी दुधाच्या टाकीचं नापास झालेलं अंग मिळालं होतं. स्टेनलेसचा तीन मिलिमीटरचा पत्रा, चकचकीत, माणूस आडवा मावेल एवढा गोल. गलोंड्याला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मागची शेड तू ओळखीनं मिळवलीस आणि तिथे जमिनीवर खडूनं पूर्ण मापाचं चित्र काढलंस. मी वाकून वाकून तपासलं. सूत्र पुस्तकातून काढलं, आकडे घातले, उत्तर आलं की पत्रा बारा किलोपर्यंत टिकेल. आपल्याला जायचं होतं दहा मीटर, म्हणजे एक किलो. मी तुझ्या वहीत लाल पेनानं बरोबरची खूण केली. तू ती खूण घरी तुझ्या सुनंदाला नेऊन दाखवलीस, पोरगा पास झाल्यासारखी.

मग तुझ्या पद्धतीनं परीक्षा. टाकीत पाणी भरलंस, पंप लावलास, पाच किलोपर्यंत नेलंस आणि तासभर ठेवलंस. वेल्डवर हात फिरवत टाकीभोवती फेऱ्या मारल्यास. एक थेंब गळला नाही. "पाच किलोला पास!" म्हणून तू पेढे आणलेस. दोन मी खाल्ले.

एक गोष्ट मात्र मी तेव्हाच ठणकावून सांगितली होती. टाकीत हवा मोजणारं मीटर असल्याशिवाय कोणी आत जायचं नाही, वेल्ड मारायलासुद्धा नाही. वापीहून मीच ते आणलं. काड्यापेटीपेक्षा जरा मोठं, खिशाला अडकवायचं, आकडा दाखवणारं. चांगल्या हवेत २०.९. प्राणवायू कमी झाला की किंचाळतं. खंडेनवमीला तू तुझ्या ग्राइंडरला, वेल्डिंगच्या होल्डरला झेंडूची फुलं वाहिलीस, एक फूल त्या मीटरवर ठेवलंस. मी म्हटलं, आता हात ठेवून शपथ घे. तू हात ठेवलास. "मीटरशिवाय आत नाही. होल्डरची शप्पथ." असला शब्द पाळणारा माणूस मी शाळेत तीस वर्षांत पाहिला नाही.

आणि मग मी निवृत्त व्हायच्या आधीच्या आठवड्यात विज्ञानाची खोली आवरत होते. कपाटावर मागच्या वर्षीचा चेपलेला डबा पडला होता. हातात घेतला, घडीवरून अंगठा फिरवला. खाली बसले मी, भिकन, धुळीत.

दरवर्षी डबा चेपून दाखवणारी मी! डबा आतल्या वाफेनं फुगला असता तर फुटायला केवढा जोर लागला असता. बाहेरच्या हवेनं तो फुंकर मारल्यासारखा दुमडला. आतून दाब आला की पत्रा ताणतो आणि ताण खाऊन आपसूक गोल होतो. बाहेरून आला की जिथे जराशी खोट असेल, जिथे गोलाई चुकली असेल, तिथून घडी पडते. मग पत्रा किती मजबूत, तुझा वेल्ड किती पक्का, कोणी विचारत नाही. मी आतल्या दाबाचं सूत्र वापरलं होतं. तू आतल्या दाबाची परीक्षा घेतली होतीस. तुझ्या आयुष्यात सगळ्या टाक्यांना दाब आतूनच आला होता आणि माझं पुस्तक बॉयलरचं होतं. दोन शहाणी माणसं एका डब्यापाशी भेटली आणि तोच डबा विसरली.

तुला फोन केला तर तू भडकलास. "पाच किलोला पास झाली हाये, बाई! खाली एकच किलो हाये. तुम्ही काय बोलू राहिल्या?"

"ती पाच किलो आतून, भिकन."

"माझा वेल्ड फुटणार नाही."

"वेल्ड नाही रे फुटणार मेल्या, पत्रा दुमडेल!"

तीन दिवस आपण असेच ओरडत होतो. 'मेल्या' म्हणायची माझी सवय, कोकणातली. मायेनं म्हणतात आमच्याकडे. आता तो शब्द तोंडात आला की मी जीभ चावते.

शेवटी तू एवढंच कबूल केलंस की टाकी आधी रिकामी सोडू. धरणाकाठी दुधनीला एका होडीवाल्याला गाठलं. टाकीला दगडांच्या गोणी बांधल्या, दोराला मीटरमीटरवर गाठी मारल्या, दुसरं टोक काठावरच्या ट्रॅक्टरला. तू होडीत बसून दोर सोडत होतास आणि गाठी मोठ्यानं मोजत होतास. मी तुझ्यासमोर फळीवर, पदर खोचून. पाच. सहा. सातवी गाठ तुझ्या हातातून गेली आणि खालून एक आवाज आला. मोठा नव्हता. दार लोटल्यासारखा. होडी हलली. तुझा हात दोरावर होता. तुला तो आवाज हातात लागला असणार, कारण तू हात झटकलास.

ट्रॅक्टरनं ओढून काढली तेव्हा ती टाकी उरलीच नव्हती. जिथे तुझी छाती आली असती, तिथे वरचा पत्रा खालच्या पत्र्याला जाऊन चिकटला होता. तू बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिलास. मग म्हणालास, "डबा." बस. आणि गोणींचे दोर सोडायला लागलास.

मी वाट बघत होते की तू माझ्या लाल खुणेबद्दल काहीतरी बोलशील. शिव्या घालशील. तू मात्र दुसऱ्या रविवारी नवी कोरी वही घेऊन आलास आणि पहिल्या पानावर लिहून आणलं होतंस, 'बाहेरून'. तेवढंच. मी चहा ठेवायला आत गेले आणि ओट्यापाशी रडले. तुझ्यासमोर कशी रडणार?

दुसरी टाकी तू वर्षभर केलीस. आठ मिलिमीटरची प्लेट, आतून चार रिंगा, दोन्ही टोकांना फुगीर डिश, म्हणजे झाकणं, आणि वर आत उतरायचं तोंड. खिडकीसाठी पुढे गोल भोक, त्यासाठी हाताच्या पंजाएवढी जाड ॲक्रिलिकची काच फडक्यात गुंडाळून ठेवलेली. मी या वेळी सूत्र तीनदा तपासलं, ओळखीच्या एका प्राध्यापकांनाही दाखवलं. ते म्हणाले, जाडी उत्तम आहे, फक्त गोलाई मोजून घ्या. मीटरभराच्या व्यासात पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. मग तू माझ्यासाठी काठी केलीस. एका पाइपात सरकणारा दुसरा पाइप, मधे स्क्रू. आतून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लावायची आणि व्यास मोजायचा. चार रिंगा, प्रत्येकीत सहा जागा. काठीवर पांढऱ्या रंगानं 'बाई' लिहिलंस आणि शेडच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलीस. मागची डिश लावली की आतून मोजणं मुश्कील, म्हणून ती न जोडता भिंतीला टेकवून ठेवलीस. सगळं माझ्यासाठी थांबवलंस.

मीटर तर तू आता कंपनीतसुद्धा घालून जायला लागला होतास. सुरुवातीला तुझ्या पाळीतले हसले म्हणे. "भिकनभाऊ, ताबीज घातलं का?" "बाईंचं ताबीज हाये." मग हळूहळू तेच लोक मागायला लागले. टाकीत उतरायच्या आधी दोरीला बांधून मॅनहोलमधून आत सोडायचे, बोंबललं नाही तरच उतरायचे. हे सांगताना तुझा चेहरा केवढा फुलला होता! मी काय म्हणाले माहितेय? म्हणाले, "दोरीला बांधून आपटू नकोस, बिघडेल."

ऐक आता.

श्रावणात सुनंदा माझ्याकडे आली होती. एकटीच, रिक्षानं. तुला तिनं सांगितलं नव्हतं. घासभर शेवभाजी डब्यात घेऊन आली आणि बराच वेळ ती गावच्या पावसाबद्दल बोलत राहिली. मग म्हणाली, "बाई, त्या शेडमध्ये ती चेपलेली टाकी पडेल हाये. मी पाह्यली. त्याच्यात ते बसणार होते ना?" मी हो म्हटलं. तिनं माझे हात धरले. "ते माझं नाही ऐकत. तुमचं ऐकतील. थांबवा त्यांना. कसं बी करा."

मी म्हटलं, थांबवते.

हे मी सुनंदासाठी केलं, असं सांगितलं तर ती आणखी एक थाप होईल. मीच घाबरले होते. त्या सातव्या गाठीनंतर मला माझ्या कुठल्याच उत्तरावर विश्वास ठेवता येत नव्हता. किराणावाल्याची बेरीजसुद्धा मी दोनदा करायचे. तू म्हणायचास, "मोजा ना, बाई." मी म्हणायचे, गुडघा दुखतोय. मग डोळ्याचं ऑपरेशन काढलं. मग गणपतीला गावी जायचंय म्हटलं. काठी भिंतीवर तशीच. कारण मोजून फरक पाचाच्या आत आला असता, तर मला खूण करावी लागली असती आणि तू खाली गेला असतास.

तू मूर्ख नव्हतास. एक दिवस तुझा बांध फुटला. "तुम्हाला मोजायचंच नाहीये! सरळ सांगा ना."

"नाही मोजायचं. काय करशील?"

"दिवाळीनंतर डिश लावून टाकीन. न मोजता."

"लाव की! जा, मर तिकडे!"

हे मी बोलले, भिकन. शब्दशः हेच. तू हात धुवायला नळावर गेलास. टेबलावर तुझ्या किल्ल्यांशेजारी मीटर पडलं होतं आणि मला एकदम सुचलं. डिश आतून वेल्ड करायला तुला आत जावंच लागणार. मीटरशिवाय तू आत जाणार नाहीस, तुझी शपथ आहे. मीटर नसेल तर टाकी पुरी होणार नाही. गणित किती सोपं झालं!

तू परत आलास तेव्हा मी म्हटलं, "हे जरा तपासायला पाठवते. वर्ष होऊन गेलं."

तू भांडणाच्या पवित्र्यात होतास, तरी लगेच म्हणालास, "हां, पाठवा. त्याचा भरवसा पाहिजे." आणि स्वतःच्या हातानं माझ्या पर्समध्ये टाकलंस.

ते कुठेही पाठवलं नव्हतं. माझ्या कपाटात होतं, साड्यांच्या खाली. त्याला बंद करायचं बटण नाही, ते आपलं चालूच. कपाट उघडलं की घडीआडून आकडा दिसायचा, २०.९. माझ्या साड्यांना हवा उत्तम मिळत होती.

तू तीनदा विचारलंस. एकदा मी म्हटलं, तपासणारा माणूस गावी गेलाय. एकदा म्हटलं, आतला भाग यायचाय. तिसऱ्यांदा, धनत्रयोदशीला फराळाचं घेऊन आलास तेव्हा म्हटलं, दिवाळीनंतर मिळेल. वही घरी राहिली म्हणणाऱ्या पोरांना मी तीस वर्षं बाकावर उभं केलं. कंपनीत तू ते मीटर वापरतोस, तुझ्याबरोबर आणखी पाचसहा माणसं वापरतात, हे मला माहीत होतं. तूच सांगितलं होतंस. पण मला तेव्हा फक्त पाणी दिसत होतं. माणूस मरेल तर पाण्यात मरेल, असंच माझ्या डोक्यात बसलं होतं. जमिनीवर, सकाळच्या पाळीत, रोजच्या टाकीत मरेल, हे आलंच नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कंपनी उघडली ती सकाळ. टाकीत वेल्डिंगला लागणाऱ्या आर्गन वायूची नळी राहिली होती आणि कॉक पुरता बंद नव्हता. आर्गन हवेपेक्षा जड. रंग नाही, वास नाही. चार दिवस तळाशी साचत राहिला असणार. हे मी नववीला शिकवू शकले असते. तू मॅनहोलमधून उतरलास आणि तळाला पाय टेकल्यावर, म्हणे, हाक मारायलासुद्धा तुला वेळ मिळाला नाही.

सगळे सांगतात, चूक कंपनीची. अर्थात कंपनीची. कॉक मी उघडा ठेवला नव्हता. उतरणाऱ्या प्रत्येकाला मीटर देणं मास्तरणीचं काम नाही, त्यांचं आहे, आणि ते मी त्यांच्या तोंडावर बोलून आलेय. गेटवर उभी राहून ओरडले. वॉचमन म्हणाला, "बेन, शांति राखो." मी त्यालाही सोडलं नाही. पण घरी आल्यावर कपाट तर माझंच होतं ना.

तुझ्या पाळीतला सुभाष दहाव्याला भेटला. बिचारा मान वर करत नव्हता. म्हणाला, "मी वरतीच उभा होतो, बाई. उतरायच्या आधी भाऊनी खिशाले हात लावला. नेहमीसारखा. मंग म्हणे, अरे, ते बाईंकडे हाये ना, तपासाले देलं हाये. अन् उतरले."

त्यानं आणखीही काही सांगितलं. मला पुढचं ऐकू आलं नाही. तेव्हापासून मला तुझा तो हातच दिसतो. खिशावर आलेला, रिकामा. आपल्या टाकीत तू मीटरशिवाय पाऊल टाकलं नसतंस. पण कंपनीत शपथ चालत नाही, तिथे सुपरवायझर घड्याळ बघतो. दोन महिन्यांत तू पुन्हा आधीसारखा उतरायला लागला होतास. आणि माझं नाव घेऊन उतरलास. बाई तपासून देतायत, या भरवशावर.

परवा मी ते मीटर सुनंदासमोर ठेवलं. आजूबाजूच्या बायका गेल्यावर, आम्ही दोघीच होतो. मी तिला सगळं सांगितलं. न सांगता कसं राहायचं ते मला येत नव्हतं. ती आधी रोज म्हणायची, "बाई, तुमच्यामुळे ते पाण्यात तरी नाही गेले." ते ऐकवत नव्हतं मला.

तिनं मीटर हातात घेतलं. आकडा बघितला. मग म्हणाली, "थांबवा असं मीच म्हटलं होतं."

"तू थांबवा म्हणालीस. खोटं बोला नाही म्हणालीस."

बाहेर कोणाचा तरी मिक्सर चालू होता. मग तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, भिकन, रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुम्ही मला काहून सांगितलं, बाई? मी आता हे कुठं ठेवू?"

माझं ओझं हलकं करायला गेले आणि अर्धं तिच्या डोक्यावर देऊन आले. त्याचीही माफी मला तुझ्याकडेच मागायला हवी, कारण ती आता माझ्याशी बोलत नाही. मी निघाले तेव्हा तिनं मीटर परत माझ्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं.

आज सकाळी गलोंड्याला गेले. शेडची किल्ली तू मला कधीच देऊन ठेवली होतीस. चेपलेली टाकी कोपऱ्यात होती. दुसरी मधे, लाकडी ठोकळ्यांवर, मागून उघडी, डिश भिंतीला टेकलेली, तू ठेवलीस तशी. काठी खिळ्याला. धूळ बसली होती, ती मी पदरानं पुसली.

मीटर ब्लाउजला अडकवलं. कोणी बघायला नव्हतं, पण मीटरशिवाय आत नाही. मग साडी खोचली आणि गुडघ्यांवर आत गेले. भिकन, आत काय काम केलंयस तू! वेल्ड बोटाखाली लागत नाहीत. पहिल्या रिंगेपासून सुरू केलं. काठी लावायची, स्क्रू आवळायचा, बाहेर काढून टेपवर धरायची, वहीत लिहायचं, परत आत. गुडघ्यांची सालं निघाली. दुपार झाली. खिडकीच्या भोकातून उजेडाचा एक गोळा आत पडला होता, तो हळूहळू सरकत माझ्या अंगावर आला. मी मधेच एकदा तिथून बाहेर बघितलं. शेडची भिंत दिसते. आणि गवत.

चोवीस जागा मोजल्या. दोनदा. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान व्यास, दोन्हींत फरक तीन मिलिमीटर. पाचापर्यंत चाललं असतं. तू हातानं, रविवारी रविवारी, फर्मा लावून लावून इतका गोल आणला होतास, आणि मी तीन महिने तो मोजायला आले नाही.

तुझी वही तिथेच होती, 'बाहेरून' लिहिलेली. शेवटच्या पानावर चोवीस रकाने तू आखून ठेवले होतेस, रिकामे. मी सगळे भरले. पर्समधून लाल पेन काढलं. पहिल्या टाकीला खूण केली होती ती न समजता केली होती. ही मोजून केली. खाली सही केली, तारीख घातली.

तू आता आत जायला माझी हरकत नाही.

तुझी,
बाई